पुस्तक बाद करायचं तर रीतसर करा

ग्रंथालयातून पुस्तक बाद करणं म्हणजे ते रद्दीत घालणं नव्हे. रद्दी ही शेवटची पायरी, आणि ती प्रत्येक पुस्तकाच्या नशिबी येतेच असंही नाही. त्याआधी जे कागदोपत्री काम असतं त्याचा सगळ्यांनाच कंटाळा. म्हणून मग जिन्याखाली, माळ्यावर, बंद पडलेल्या झेरॉक्स मशीनच्या मागे 'बाद करायची' पुस्तकं वर्षानुवर्षं पडून राहतात. नोंदवहीत ती आहेत, कपाटात नाहीत, आणि वाचकाने मागितलं तर "असेल हो कुठेतरी" एवढंच उत्तर मिळतं.

मी कोकणातल्या एका तालुक्याच्या ग्रंथालयात ग्रंथपाल आहे. आमच्याकडे पाऊस चार महिने आणि ओल त्याच्याही पुढे, त्यामुळे पुस्तकं बाद करायची वेळ घाटावरच्या मंडळींपेक्षा आमच्यावर जास्त येते. हे लिहितेय ते नव्याने कामाला लागलेल्या ग्रंथपालांसाठी, आणि "ते एकदाचं उरकून टाका" म्हणणाऱ्या चिटणीसांसाठीही.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. दाराबाहेर जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकावर ते कोणाच्या परवानगीने गेलं हे लिहिलेलं हवं, आणि तीच नोंद ग्रंथालयात सापडायला हवी. पुस्तकावर एक, वहीत दुसरं असं नको; आणि वहीत आहे पण पुस्तकावर काहीच नाही, असं तर मुळीच नको.

काय काढायचं

यावर फार लिहीत नाही, कारण कपाटासमोर उभं राहिलं की निम्मं आपोआप कळतं. वाळवीने पोखरलेलं, पानं हातात तुटणारं, बुरशी धरलेलं. जुनी स्पर्धा परीक्षा मार्गदर्शकं. पालघर जिल्हा (२०१४) नसलेला महाराष्ट्राचा नकाशासंग्रह बालविभागात ठेवून काय उपयोग? प्लूटोला नववा ग्रह म्हणणारी मुलांची पुस्तकं २००६ पासून चुकीचं शिकवताहेत, ती आधी काढा. एकाच कादंबरीच्या पाच प्रती असतील आणि तीन कोणी नेतच नसेल, तर दोन ठेवा.

मात्र 'जुनं झालं' म्हणून डोळे मिटून काढू नका. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली तेव्हा आमच्या एका सदस्यांनी उत्साहाने सुचवलं की दंड संहितेची सगळी पुस्तकं आता काढा. पण त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्यांचे खटले जुन्याच कायद्याने चालतात, आणि तालुक्याच्या कोर्टात ते अजून बरीच वर्षं चालणार आहेत. चांगल्या स्थितीतली एक प्रत ठेवली, बाकीच्या काढल्या.

आणि काही पुस्तकांना हातच लावू नका: गावच्या शाळेची स्मरणिका, देवस्थानाचा इतिहास, स्थानिक लेखकाने स्वखर्चाने छापलेला कवितासंग्रह. हे तुमच्याकडे नसेल तर कदाचित कुठेच नसेल. १९५० च्या आधीचं मराठी पुस्तक असेल तर शंकर गणेश दाते यांच्या मराठी ग्रंथसूचीत बघा. १८०० ते १९५० मधली पुस्तकं तिच्या खंडांत आहेत. तिथेही सापडलं नाही, तर तुमच्या हातात रद्दी नाही, दुर्मिळ वस्तू आहे. १८६७ पर्यंतची छापील पुस्तकं ही दोलामुद्रितं. ती फाटली असली तरी बाद होत नाहीत. जुना कापडी रुमाल नाहीतर स्वच्छ कागदात गुंडाळून ठेवा आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या मोठ्या संस्थेला पत्र लिहा.

कार्यकारी मंडळात एक भीती कायम असते: पुस्तकं काढली तर ग्रंथसंख्या घटेल आणि ग्रंथालयाचा वर्ग, म्हणजे सरकारी दर्जा, खाली येईल. महाराष्ट्राच्या १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता आणि वर्ग देताना ग्रंथसंख्या पाहिली जाते हे खरंच आहे. पण न वाचता येणारी पुस्तकं मोजून वर्ग टिकवणं किती दिवस चालणार? तपासणीला आलेल्या माणसाने नेमकं तेच कपाट उघडलं की उत्तर आपल्यालाच द्यावं लागतं. ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडणाऱ्या रंगनाथनांचं पाचवं सूत्र, ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे, हे अशा बैठकीत कोणीतरी म्हणतंच. वर्धिष्णू म्हणजे नुसती साठत जाणारी नव्हे, असं मी इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगते. अजून कोणी लिहिलेलं नाही.

यादी आणि ठराव

बाद करायच्या पुस्तकांची यादी पडताळणीच्या, म्हणजे कपाटातली पुस्तकं नोंदवहीशी ताडून पाहण्याच्या, वेळीच करा, वेगळा घाट घालू नका. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांत वीस हजारांपर्यंत ग्रंथ असलेल्या ग्रंथालयाने दरवर्षी संपूर्ण पडताळणी करावी असं आहे, वीस ते पन्नास हजारांना तीन वर्षांतून एकदा. ते नियम केंद्राच्या ग्रंथालयांसाठी आहेत, पण मोजमाप म्हणून आपल्यालाही उपयोगी पडतात.

यादीत दाखल क्रमांक (पुस्तक आलं तेव्हा नोंदवहीत त्याला मिळालेला), ग्रंथनाम, लेखक, किंमत आणि कारण. कारणासाठी आम्ही एकेक अक्षर ठरवलंय: 'जी' जीर्ण, 'का' कालबाह्य, 'प्र' जादा प्रत, 'पा' पाण्याने खराब. 'ह' म्हणजे हरवलेलं या यादीत नाही. ते मुद्दामच ठेवलेलं नाही. हरवलेलं पुस्तक आणि बाद पुस्तक एकाच यादीत घातलं की उद्या रस्त्यावर तुमच्या शिक्क्याचं पुस्तक दिसल्यावर ते विकलं होतं की चोरीला गेलं होतं, हे कोणालाच सांगता येत नाही. हरवलेल्यांची वेगळी वही, आणि त्यातलं पुस्तक लागोपाठच्या पडताळण्यांत सापडलं नाही की मगच वेगळ्या ठरावाने कमी करायचं.

यादी ग्रंथनिवड समितीने प्रत्यक्ष पुस्तकं बघून तपासावी. बघून म्हणजे पुस्तक हातात घेऊन. घरी चहा पिता पिता सही करून नव्हे. मग कार्यकारी मंडळाचा ठराव, त्याला यादी जोडलेली, शेवटच्या पानावर एकूण संख्या अंकी आणि अक्षरी. अनुदानित ग्रंथालय असेल तर पुढे जाण्याआधी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना पत्र पाठवून उत्तर फाइलला लावा. शाळा-कॉलेजच्या ग्रंथालयांना त्यांच्या संस्थेची निर्लेखनाची, म्हणजे वस्तू हिशेबातून कमी करण्याची, पद्धत असते, ती पाळा.

ग्रंथालयांना मदत करणाऱ्या राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानकडून आलेली पुस्तकं याच यादीत मिसळू नका. त्यांचं वेगळं पान करा आणि अधिकाऱ्यांना वेगळं विचारा. देणगीच्या पुस्तकांचंही तसंच. "कै. आईच्या स्मरणार्थ" असं चिकटवलेलं पुस्तक बाद करण्याआधी त्या घरी एक फोन करावा. बहुतेक जण "काढा हो" म्हणतात, एखादा येऊन घेऊन जातो. न विचारता केलं आणि त्यांना नंतर कळलं तर गावात राहणं अवघड होतं.

दाखल नोंदवही

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून सावकाश.

दाखल क्रमांक एका पुस्तकाला एकदाच मिळतो. पुस्तक गेलं तरी क्रमांक त्याचाच. तो खोडायचा नाही, त्यावर पांढरं लावायचं नाही, पान फाडायचं नाही, आणि मोकळा झाला म्हणून दुसऱ्या पुस्तकाला तर कधीच द्यायचा नाही. मी एका ठिकाणी मदतीला गेले होते, तिथे आधीच्या कोणीतरी 'रिकाम्या' क्रमांकांवर नवी पुस्तकं चढवली होती. १९७८ च्या पावतीवर एक पुस्तक, वहीत दुसरं, कार्डावर तिसरं. ते सोडवताना आम्ही शेवटी देवघेवीची जुनी कार्डं काढून बसलो.

करायचं एवढंच: शेरा रकान्यात लाल शाईने 'बाद क्र. ____, दि. ____' आणि सही. ओळीवरून एक आडवी रेघ मारली तर चालेल, पण खालची अक्षरं वाचता आली पाहिजेत.

बाद क्रमांकासाठी वेगळी वही हवी. बाद क्रमांक एकपासून सुरू होतो आणि कधीही पुन्हा एकपासून सुरू होत नाही, वर्ष बदललं तरी. त्यात रकाने: बाद क्रमांक, ठरावाचा क्रमांक व तारीख, दाखल क्रमांक, ग्रंथनाम, लेखक, कारण, आणि शेवटी 'कुठे गेलं'. हा शेवटचा रकाना बऱ्याच ठिकाणी नसतोच. विकलं, अमुक शाळेला दिलं, लगद्याला गेलं: एक शब्द पुरे, पण तो हवा.

याचा हिशेबाला फायदा असा. समजा शेवटचा दाखल क्रमांक ३१,२४० आहे आणि शेवटचा बाद क्रमांक ४,११८. म्हणजे संग्रहात २७,१२२ पुस्तकं असायला हवीत. त्यातून 'हरवलेली' वहीतली वजा करा. कपाटात तेवढी मोजून मिळाली की वार्षिक अहवाल लिहिताना हात थरथरत नाही.

संगणकावर असाल तर नोंद पुसून टाकू नका. कोहा या ग्रंथालयांच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रतीला 'विथड्रॉन' (बाद) असा दर्जा देता येतो. तो दिला की ती प्रत देवघेवीत जात नाही, पण इतिहास राहतो. वाचकांच्या शोधपानावर ती दिसू नये अशी मांडणी करून घेता येते, तेवढं काम संगणकवाल्याकडून करून घ्या. सॉफ्टवेअर कोणतंही असो, 'डिलीट' हे बटण बाद करण्यासाठी नसतं. कार्डांची तालिका अजून असेल तर लेखक, ग्रंथनाम आणि विषय अशी तिन्ही कार्डं काढा. एकच काढलं की बाकीची दोन वाचकाला उगाच कपाटापर्यंत पाठवत राहतात.

शिक्का

आता पुस्तक हातात घेऊ. आमच्याकडचं एक रेडिओ दुरुस्तीचं पुस्तक: कापडी बांधणी, कण्यावर चुन्यासारखी पांढरी बुरशी, तारीखपत्रकावर शेवटचा शिक्का १९९७ चा. ठराव झालाय, बाद क्रमांक मिळालाय.

आधी ते पान-पान उलटून झटका. पावत्या, लग्नपत्रिका, कोणाच्या मुलीचा पासपोर्ट फोटो, आधार कार्डाची झेरॉक्स, सगळं सापडतं. ओळख पटली तर परत द्या, नाहीतर नष्ट करा. ग्रंथखिशातलं पुस्तक-कार्ड काढून घ्या, कारण त्यावर कोणी कधी काय वाचलं ते लिहिलेलं असतं, आणि ते रद्दीवाल्याला कळण्याचं काही कारण नाही.

मग आपले शिक्के शोधा. मालकीचा शिक्का सहसा शीर्षकपानावर, त्याच्या मागे, शेवटच्या पानावर आणि गुप्त पानावर असतो. गुप्त पान म्हणजे प्रत्येक ग्रंथालयाने ठरवलेला एक ठरावीक पान क्रमांक. पहिली पानं फाडून चोरलेलं पुस्तक त्यावरून ओळखू येतं. आमचं कितवं ते इथे सांगत नाही. पण बाद करताना लोक नेमकं हेच पान विसरतात. शीर्षकपानावर 'बाद' आणि आत मालकीचा शिक्का तसाच. घेणारा भला माणूस असला तर अडचणीत येतो, लबाड असला तर शीर्षकपान फाडून आपलं काम करतो. म्हणून जिथे जिथे मालकीचा शिक्का, तिथे तिथे बादचा.

बादचा रबरी शिक्का वेगळा बनवून घ्या, साधारण सहा सेंटिमीटर लांब. त्यात असावं: ग्रंथालयाचं नाव व गाव, मधे मोठ्या अक्षरांत 'संग्रहातून बाद', खाली 'बाद क्र.' आणि 'दि.' यासाठी मोकळी जागा, आणि ग्रंथपालाच्या सहीची रेघ. नुसता 'बाद' असा शिक्का कोणीही कोपऱ्यावरच्या दुकानात बनवून घेतो. क्रमांक असला की वहीत शोधता येतं, आणि खोटा क्रमांक लगेच पकडला जातो. क्रमांक आणि सही शीर्षकपानावर पुरे. इतर पानांवर नुसता शिक्का.

शाई काळी आणि पाण्याने न पसरणारी. नेहमीची जांभळी पॅडची शाई आमच्या हवेत चार पावसाळ्यांत पसरून डाग होते, आणि डाग कशाचा पुरावा नसतो. शिक्का मारल्यावर कोरा कागद मधे ठेवा, वाळू द्या. सगळी पुस्तकं एकावर एक रचून शेवटी समोरासमोरची पानं चिकटवणारे लोक मी पाहिलेत.

बादचा शिक्का मालकीच्या शिक्क्याच्या शेजारी मारा, त्यावर नको. मालकीच्या शिक्क्यावर पट्टी धरून बॉलपेनने एक तिरकी रेघ, बस. काळ्या मार्करने तो बुजवू नका, ब्लेडने खरवडू नका. काही ठिकाणी शीर्षकपानच फाडतात. ती पद्धत मला मुळीच पटत नाही. एकतर पुस्तक अपंग होतं. दुसरं, पुस्तक कुठून कुठे फिरलं हे पुढच्या माणसाला कळायला हवं. आज ज्या जुन्या पुस्तकांवर कुठल्या नेटिव्ह लायब्ररीचा शिक्का दिसतो म्हणून आपण हरखतो, ते शिक्के तेव्हा कोणी खरवडले असते तर? आणि तिसरं, बुजवलेला शिक्का नेहमी चोरीचाच वाटतो.

लेखकाची सही, अर्पणाचा मजकूर, चित्रं, नकाशे यांवर शिक्का नको. लेखकाची सही असेल तर पुस्तक यादीतून परत काढून विचार करा.

बारकोडावर रेघ मारा किंवा तो काढा. आरएफआयडीची, म्हणजे दारातल्या यंत्राला कळणारी, चकती असेल तर काढाच, नाहीतर पुस्तक घेऊन गेलेला माणूस दुसऱ्या ग्रंथालयाच्या दारात भोंगा वाजवेल. कण्यावरची वर्गांकाची चिठ्ठी ओढून काढताना कणा फाटतो, तीवरही रेघ पुरते.

भिजलेली पुस्तकं

यांचं वेगळं आहे. २०१९ ला सांगली-कोल्हापूरकडे, २०२१ च्या जुलैत चिपळूणला पाणी ग्रंथालयांत शिरलं तेव्हा काय झालं ते या भागातल्या ग्रंथपालांना सांगायला नको. भिजलेल्या कागदाला दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, ठराव व्हायला महिना लागतो. म्हणून पाणी ओसरलं की पहिलं काम फोटो: कपाटानुसार, आणि शक्य तिथे दाखल क्रमांक दिसेल असा. तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या, अध्यक्ष-चिटणीसांची लेखी संमती घ्या, आणि कुजलेला ढीग हलवा. ठराव नंतर, पंचनामा जोडून. क्रमांक वाचताच येत नाही अशी पुस्तकं मोजून ठेवा. वाचलेल्या पुस्तकांची पडताळणी झाली की जे क्रमांक उरतात, ते बहुतेक त्यांचेच.

अशी पुस्तकं कोणाला भेट देऊ नका. मास्क आणि हातमोजे घालून हाताळा, इतरांपासून दूर ठेवा. यांना शिक्का मारत बसायची गरज नाही. सरळ लगद्याला जाऊ देत, पण वजनाची पावती बाद वहीत लावा.

कुठे जातात

धडधाकट पुस्तकं आधी सभासदांना दाखवा. आम्ही दारातल्या फलकावर सूचना लावतो आणि पंधरा दिवस टेबलावर मांडून ठेवतो. ज्याला कुठलं पुस्तक संग्रहात राहावं असं वाटतं त्याने चिठ्ठीवर कारण लिहून सही करायची. कारण लिहा म्हटलं की निम्मे हरकतदार पुढच्या आठवड्यात येतात, म्हणजे येत नाहीत. पण एकाने खरोखरच दाखवून दिलं होतं की एका पुस्तकाच्या परिशिष्टात तालुक्यातल्या खोतीच्या गावांची यादी आहे. ते पुस्तक परत कपाटात गेलं, यादीतून कमी झालं, आणि तशी नोंद इतिवृत्तात आली.

उरलेली शाळा, वसतिगृह, तुरुंग ग्रंथालय यांना विचारून द्या. विचारून, कारण आपल्याला नको असलेलं दुसऱ्याच्या गळ्यात घालणं ही मदत नव्हे. कालबाह्य कायदा किंवा औषधांचं पुस्तक कोणालाच देऊ नका, ते सरळ लगद्याला. विक्री करायची तर किंमत आधी ठरवा, पावती फाडा, पैसे जमाखर्चात स्वतंत्र शीर्षाखाली दाखवा. कार्यकारी मंडळाच्या सदस्यांनी पहिल्या दिवशी खरेदी करू नये असा आमचा अलिखित नियम आहे, त्याने बरीच कुजबुज वाचते.

रद्दीवाला शेवटी. टेम्पो भर बाजाराच्या दिवशी बोलावू नका, पण लपूनही नको. फलकावर ठरावाचा क्रमांक लावलेला असू द्या. लोक फोटो काढतात आणि "वाचनालयाने पुस्तकं भंगारात काढली" असं गावभर फिरतं. फलकाचा फोटो त्याच्याच शेजारी फिरू दे. प्लास्टिकची कव्हरं आधी काढा, ती लगद्याला चालत नाहीत. आणि हे सगळं पावसाळा सोडून करा. दिवाळीनंतर ते मार्चअखेर हा काळ बरा, वार्षिक आकडे द्यायच्या आत वह्या जुळतात.

पुस्तक परत आलं तर

कोणीतरी प्रामाणिक माणूस जुन्या बाजारात घेतलेलं तुमच्या शिक्क्याचं पुस्तक घेऊन येतोच. बादचा शिक्का आणि क्रमांक वहीशी जुळला, तर त्याचे आभार माना आणि पुस्तक त्याचंच आहे असं सांगा. बादचा शिक्का नसेल पण दाखल नोंदवहीत 'बाद' असेल, तर जुन्या काळातलं न शिक्का मारता गेलेलं पुस्तक आहे. तिथल्या तिथे शिक्का मारून, जुनाच बाद क्रमांक घालून परत द्या. आणि दोन्हीकडे काहीच नसेल तर पुस्तक आपलंच आहे. त्याने दिलेले पैसे त्याला द्या, पुस्तक ठेवून घ्या, आणि 'हरवलेली' वहीत तो क्रमांक शोधायला लागा.